कुणीतरी ठरवलेलं

लहान मुलाला जग आयतं मिळतं. डोंगर असतो, नदी असते, पाऊस असतो आणि त्यांच्याच रांगेत एसटी असते, तलाठी असतो, अंधार असतो. कोळवण खोऱ्यात वाढताना मला या गोष्टींत फरक दिसत नसे. जूनमध्ये पाऊस येणार, खाचरं भरणार, आवणीला माणसं लागणार. संध्याकाळी पौडहून गाडी येणार किंवा येणार नाही. तिकोना किल्ला ढगात जाणार. यातलं निसर्गाचं काय आणि माणसाचं काय, हा प्रश्नच त्या वयात पडत नाही. राजकारण माणसाला पहिल्यांदा जाणवतं ते हा प्रश्न पडतो तेव्हा, असं मला वाटतं. पक्ष, झेंडे, पुढारी ही सगळी नंतरची मंडळी. आधी एवढंच कळतं की जी गोष्ट आपण पावसासारखी आपोआप होणारी समजत होतो, ती कुणीतरी, कुठेतरी बसून ठरवलेली आहे. आणि ठरवलेली आहे म्हणजे ती वेगळीही ठरू शकली असती.

आमचं खोरं दोन डोंगररांगांच्या मधलं. दक्षिणेच्या रांगेपलीकडे मुळा नदी आणि मुळशीचं धरण. उत्तरेला तिकोन्याच्या पलीकडे पवनेचं धरण. मधे आम्ही, भाताची खाचरं घेऊन बसलेले. दोन्ही धरणांचं पाणी आम्हाला मिळत नाही, पण माझ्या राजकीय समजेला दोन्हींचं पाणी लागलं आहे. दक्षिणेचं आधी.

शाळेची सहल मुळशीला जायची. त्या वयात मी मुळशीला तळंच समजायचो. एवढं पाणी, चहूबाजूंनी डोंगर, काठाला करवंदं. आमच्या शिक्षकांनीही तेव्हा ‘निसर्गरम्य जलाशय’ यावर निबंध लिहायला सांगितला होता. घरी आल्यावर मी तो आजीला वाचून दाखवला. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, “तळं कशाचं रं, धरान हाय ते. खाली गावं हायेत.” मग तिने तिच्या लहानपणी ऐकलेलं सांगितलं. पलीकडच्या खोऱ्यातून माणसं गुरंढोरं घेऊन, डोक्यावर देव घेऊन डोंगर चढून इकडच्या सोयऱ्यांकडे आली होती. तिकडचं आंबेमोहोराचं शिवार इकडच्यापेक्षा उजवं होतं. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं की जुन्या भिंती, देवळाचे चिरे वर येतात. आजीला शाळा माहीत नव्हती, पण ‘कुणी केलं?’ या माझ्या प्रश्नाला तिचं उत्तर तयार होतं: “म्हमईला इज पायजेल व्हती.”

त्या एका वाक्यात जे होतं ते उलगडायला मला पुढची बरीच वर्षं लागली. राजेंद्र व्होरा यांचं ‘मुळशी सत्याग्रह’ हे पुस्तक महाविद्यालयात असताना हाती आलं आणि आजीच्या सांगण्याला तारखा मिळाल्या. टाटांच्या कंपनीला मुंबईच्या गिरण्यांसाठी वीज हवी होती. त्यांचं खोपोलीचं वीजघर १९१५ साली सुरू झालं होतं. पुढची योजना मुळशीची. मुळा आणि निला यांच्या संगमाजवळ धरण बांधायचं, पन्नासच्या आसपास गावांची जमीन त्यासाठी घ्यायची. जमीन संपादनाचा १८९४चा कायदा हाताशी होता. १६ एप्रिल १९२१, रामनवमीच्या दिवशी, मुळशी पेट्यातले मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले आणि काम थांबवलं. पांडुरंग महादेव बापट त्यांच्यात होते. ‘सेनापती’ ही पदवी त्यांना याच लढ्याने दिली. विनायकराव भुस्कुटे होते, शंकरराव देव होते. ज्ञानकोशकार केतकरांसारखी पुण्याची विद्वान मंडळीही या प्रश्नात पडली होती. गांधींनी ‘यंग इंडिया’त टाटांना उद्देशून लिहिलं. थांबलेलं काम काही महिन्यांनी पुन्हा सुरू झालं. पुन्हा सत्याग्रह, पुन्हा तुरुंग. १९२४च्या डिसेंबरात बापटांनी धरणाच्या कामाची रेल्वे अडवली. हातात पिस्तूल होतं. सात वर्षांची शिक्षा झाली आणि लढा तिथे संपला. १९२७ साली भिऱ्याचं वीजघर चालू झालं.

पण पुस्तकातल्या ज्या गोष्टीने मला खरा धक्का दिला ती वेगळीच होती. जमीन कसणारे मावळे आणि जमिनीचे मालक हे पुष्कळदा एक नव्हते. बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या. मावळ्याला जमीन सोडायची नव्हती, कारण जमिनीखेरीज त्याच्याजवळ काही नव्हतं. सावकाराला भरपाई चांगली मिळाली तर जमीन सोडायला हरकत नव्हती. एकाच लढ्यात दोन हेतू होते आणि भरपाईची बोलणी सुरू झाली तशी ती फट रुंदावत गेली. पलीकडे इंग्रज आणि कंपनी, अलीकडे आपण सगळे एक, असं चित्र मी आजीच्या सांगण्यावरून मनात काढलं होतं. ते चित्र मोडलं. ‘आपण’ म्हणजे नेमके कोण, हे विचारल्याशिवाय कोणताही लढा समजत नाही, हे मी मुळशीवरून शिकलो.

दुसरी गोष्ट पाण्याची. भूगोलात आम्ही पाठ केलं होतं: मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, कृष्णा बंगालच्या उपसागराला. सह्याद्रीच्या पूर्वउतारावरचं पाणी पूर्वेलाच जाणार. पण मुळशीला अडवलेलं पाणी बोगद्यातून घाटाखाली सोडतात, भिऱ्याला त्यावर वीज होते आणि तिथून ते कुंडलिकेत उतरतं. म्हणजे अरबी समुद्रात. लोक कोलाडला ज्या पाण्यात होड्या सोडून मजा करायला जातात, ते आमच्या शेजारच्या खोऱ्याचं पाणी. नदीने कुठे जायचं हेसुद्धा ठरवता येतं! हे कळल्यावर ‘हे असंच असतं’ या वाक्यावरचा माझा विश्वास उडाला तो कायमचा.

आणि दादरपासून लोअर परळपर्यंतचा तो रस्ता. मुंबईला नोकरीच्या मुलाखतीसाठी गेलो होतो तेव्हा बसच्या खिडकीतून पाटी दिसली: सेनापती बापट मार्ग. दोन्ही बाजूंना जुन्या गिरण्यांची आवारं, त्यांच्यात उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारती. ज्या गिरणगावासाठी मुळशीचं पाणी वळवलं गेलं, त्याच्या मधून जाणाऱ्या रस्त्याला ते वळवू नका म्हणून तुरुंगात गेलेल्या माणसाचं नाव. त्या बसमध्ये कुणाला तरी हे सांगावं असं मला फार वाटत होतं.

माझं दहावीचं वर्ष भारनियमनाचं होतं. २००५ नंतरची ती वर्षं ज्यांनी खेड्यात काढली त्यांना वेगळं सांगायला नको. दिवसाचे दहा-दहा, बारा-बारा तास वीज नसायची. वेळापत्रक आठवड्याला बदलायचं आणि बदललेलंही पाळलं जायचं नाही. आम्ही चिमणी नाहीतर कंदिलावर अभ्यास करायचो. गिरणीत दळण पडून राहायचं. अंधाराची मला सवय होती. राग आला तो एका बातमीचा. दुकानात पुडीला आलेल्या वर्तमानपत्राच्या तुकड्यावर राज्यातल्या कुठल्या भागात किती तास वीज जाणार याचा तक्ता होता आणि मुंबई त्यातून वगळलेली होती. आजीचं वाक्य एकदम आठवलं. मी तो तुकडा दादांना, म्हणजे वडिलांना, दाखवला. दादा म्हणाले, “मंग? आत्ता कळलं व्हय?” त्यांच्या आवाजात चीड नव्हती, दमणूक होती. मला ती दमणूक जास्त लागली. त्या रात्री मी पहिल्यांदा अंधाराकडे कुणाचा तरी निर्णय म्हणून पाहिलं. मुंबईतल्या मुलांचा मला राग यावा असं काही नव्हतं; त्यांनी काही ठरवलं नव्हतं, त्यांनाही उजेड आयताच मिळाला होता, जसा मला अंधार. पण दोन मुलांना दोन वेगळ्या गोष्टी आयत्या मिळतात, हे कोण ठरवतं?

याच प्रश्नाचं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात कठोर रूप डॉ. आंबेडकरांच्या बालपणात आहे. १९०१ साली, नऊ-दहा वर्षांचे असताना, ते भाऊ आणि भाचा यांच्याबरोबर वडिलांना भेटायला साताऱ्याहून निघाले. मसूर स्टेशनवर उतरल्यानंतर जात कळताच गाडीवाले मिळेनात, वाटेत प्यायला पाणी मिळेना. हा प्रसंग अनेकांना माहीत आहे. मला त्यातली अधिक महत्त्वाची वाटते ती त्यांनी स्वतः नोंदवलेली बारीक गोष्ट. आपण अस्पृश्य आहोत हे त्यांना त्याआधीही माहीत होतं. वर्गात वेगळं बसायचं, घरून आणलेल्या गोणपाटावर बसायचं, नळाला हात लावायचा नाही, हे सगळं ते रोज पाळत होते. पण ते सारं त्यांना चालत आलेलं, नेहमीचं वाटत होतं. त्या प्रवासाने ते नेहमीचं राहिलं नाही. अन्याय अनुभवणं आणि अन्याय हा अन्याय आहे हे कळणं, या दोन्हींमध्ये केवढं अंतर असतं! मसूरच्या त्या संध्याकाळी एका मुलाने ते अंतर ओलांडलं आणि पुढे साऱ्या देशाला त्याच्याबरोबर ते ओलांडावं लागलं.

अमेरिकेतल्या अभ्यासकांनी साठच्या दशकात शाळकरी मुलांना राजकारण कसं कळतं यावर बरंच काम केलं. डेव्हिड ईस्टन आणि जॅक डेनिस यांचं त्यावरचं पुस्तक १९६९चं. तिथल्या मुलांना सत्तेची पहिली ओळख होते ती राष्ट्राध्यक्ष आणि पोलीस यांच्या रूपाने, आणि दोघेही त्यांना भले वाटतात, असा त्यांचा निष्कर्ष. मला तो वाचताना आमच्याकडचा तलाठी आठवला. आमच्या वयाच्या खेड्यातल्या मुलांना राष्ट्रपती पुस्तकातल्या चित्रात भेटे. सत्ता भेटे ती सातबाऱ्याच्या उताऱ्यात, रेशनच्या रांगेत, रॉकेलच्या कॅनमध्ये. मोठी माणसं कुणासमोर आवाज उतरवून बोलतात, हे मूल फार बारकाईने पाहत असतं. माझे दादा घरात, शेतात, भावकीत खणखणीत बोलायचे. कचेरीत ते ‘साहेब’ म्हणून सुरुवात करायचे आणि वाक्य अर्धं सोडायचे. मी त्यांचं बोट धरून उभा असायचो. सत्ता म्हणजे काय हे मला कुणी शिकवायची गरज राहिली नव्हती. ती मला वडिलांच्या आवाजात ऐकू आली होती.

निवडणुका मात्र आनंदाच्या होत्या. १९९९ साली मी नऊ वर्षांचा होतो. त्या जूनमध्ये काँग्रेसने हकालपट्टी केल्यावर शरद पवारांनी राष्ट्रवादी काँग्रेस काढली आणि सप्टेंबरात लोकसभा नि विधानसभा दोन्हींचं मतदान एकदम आलं. रस्त्याकडेच्या एका घराची भिंत वर्षानुवर्षं हाताच्या पंजाची होती. एका सकाळी तिला चुना मारलेला दिसला आणि दुपारपर्यंत त्यावर घड्याळ उमटलं. रंगवणारा तोच, भिंत तीच, घरमालक तोच, ज्यांच्याकडे मत मागायचं ती माणसंही तीच. मी दादांना विचारलं, “हात का पुसला?” ते म्हणाले, “सायबांनी नवीन पक्ष काढलाय.” मग आधीचा वाईट होता का? दादा हसले. नानांनी मात्र हात सोडला नाही. दादा आणि नाना सख्खे भाऊ, बांधाला बांध, इर्जिकीला एकमेकांच्या खाचरात पहिले उतरणारे. त्या गणपतीत नानांच्या घरून मोदकाचं ताट आलं नाही. तेव्हा मला कळलं की भिंतीवरचं चित्र घरातही येतं.

आमच्याकडे राजकारण भावकीतून वाहतं, हे पुण्या-मुंबईच्या लोकांना ऐकायला मागासलेलं वाटतं. ते मला पटत नाही. ज्या माणसांबरोबर पाण्याचा पाट वाटून घ्यायचा आहे, ज्यांच्या खांद्यावरून शेवटी जायचं आहे, त्यांच्या विरोधात उभं राहण्याला इथे किंमत मोजावी लागते. शहरात शेजाऱ्याचं मत कळतही नाही. इथे ते पत्रिकेत छापलेलं असतं. मुळशी-मावळातली लग्नाची पत्रिका एखाद्याने नीट वाचली तर तालुक्याचं राजकारण त्याला समजेल: आशीर्वादाला कोण, निमंत्रकांत कोण, कुणाचं नाव कुणाच्या वर, कुणाचं गाळलं. मांडवात मंगलाष्टकांआधी पुढाऱ्यांची आशीर्वादाची भाषणं होतात. आम्ही पोरं भुकेने कळवळून ती ऐकायचो आणि नकळत शिकत जायचो. कोण आल्यावर सगळे उठतात, कुणाची वाट पाहत मुहूर्त टळतो, कोण आल्यावर कोण निघून जातं.

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला पक्षाची चिन्हं नसतात. तिथे कपबशी, छत्री, शिट्टी, पतंग असतात. त्यामुळे आम्हा मुलांना ती आमचीच निवडणूक वाटायची. शिट्टीवाल्यांच्या प्रचारात शिट्ट्या मिळत, पतंगवाल्यांच्या प्रचारात पतंग. शाळेचा वर्ग मतदानकेंद्र व्हायचा. आमच्या बाकांवर अनोळखी माणसं याद्या घेऊन बसलेली दिसायची आणि आजी शाईचं बोट दाखवत बाहेर यायची. तिला वाचता येत नव्हतं, पण त्या दिवशी ती नवं लुगडं नेसायची. कुणाला मत दिलं हे तिने दादांनाही कधी सांगितलं नाही. दादा विचारायचे, ती म्हणायची, “तुला कशाला सांगू?” घरातल्या एवढ्या मोठ्या माणसाला ज्यात डोकावता येत नाही असं काहीतरी आजीच्या मालकीचं आहे, याचा मला केवढा अचंबा वाटायचा!

आत्याचं गाव जवळच. ७३वी घटनादुरुस्ती १९९३ साली अमलात आली आणि पंचायतींमध्ये बायकांसाठी एक तृतीयांश जागा राखीव झाल्या. महाराष्ट्रात पुढे २०११ मध्ये त्या निम्म्या झाल्या. मी सातवी-आठवीत असताना आत्याच्या वॉर्डाची जागा राखीव निघाली. मामांनी, म्हणजे तिच्या यजमानांनी, तिचा अर्ज भरला. प्रचारही मामांनीच केला. निवडून आल्यावर अभिनंदनाचे हार मामांच्या गळ्यात पडले. पुढे दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेला मी सुट्टीसाठी तिच्याकडे होतो. मामा खुर्चीवर पुढे, आत्या दाराशी सतरंजीवर, डोक्यावर पदर. इतिवृत्त वाचून झालं, मागच्या खर्चाला मंजुरी झाली. पाण्याचा विषय निघाला. वरच्या आळीला नळ होते, खालच्या आळीला नव्हते. खालच्या आळीच्या बाया विहिरीवरून पाणी आणत. मला ते नेहमीचंच वाटत होतं. आत्या बसल्या जागेवरून म्हणाली, “पानी वरून खाली येतं ना? मंग टाकीचं पानी वरच्या आळीला चढतं आन् खालच्या आळीला उतरत न्हाई, ते कसं?”

सभा गप्प झाली. मामांनी मागे वळून पाहिलं. कुणीतरी पाइप संपल्याचं बोललं, कुणी निधीचं. आत्या पुन्हा काही बोलली नाही, पण तिने प्रश्न मागेही घेतला नाही. खालच्या आळीला पाणी तिच्या मुदतीत आलं नाही. पुढच्या पंचायतीत आलं. पुस्तकं वाचून मी पुढे लोकशाहीबद्दल जे काही शिकलो, त्यात त्या वाक्याच्या तोडीचं फारसं काही मिळालं नाही. पाण्याचा गुणधर्म आणि माणसाचा निर्णय तिने एका वाक्यात वेगळे करून दाखवले होते. महिला आरक्षणावर बोलताना ‘सगळा कारभार नवराच बघतो’ असं लोक सहज म्हणून जातात. ते पुष्कळ ठिकाणी खरंही आहे. पण दाराशी बसलेली बाई तिथे बसलेली तरी असते, आणि ती एक दिवस बोलते. कायद्याने तिला तिथे आणून बसवलं नसतं तर तो प्रश्न विहिरीवरच विरला असता.

काही गोष्टी तेव्हा दिसूनही दिसल्या नाहीत. आमच्या वर्गात एक कातकरी मुलगा होता. दिवाळीनंतर तो शाळेत यायचा बंद व्हायचा. घरची मंडळी वीटभट्टीवर जात. पावसाच्या तोंडाला परत यायचा. त्याचं नाव हजेरीत असायचं, गुरुजी ते पुकारायचे, आणि आम्ही सगळे एका सुरात “भट्टीवर” म्हणायचो. त्याचं जाणं-येणं आम्हाला ऋतूसारखं वाटायचं. त्याच्या घराखालची जमीन त्यांच्या नावावर नव्हती, भट्टीवाल्याची उचल फिटत नव्हती, म्हणून ती माणसं जात होती. ज्या डोंगरात त्याचे पूर्वज आमच्याआधी फिरले, त्या डोंगराच्या कुठल्याच कागदावर त्यांचं नाव नव्हतं. मतदार यादीत मात्र होतं. निवडणुकीच्या दिवशी वस्तीवर जीप जायची. हे मी आज लिहू शकतो. तेव्हा आम्हा कुणाला, गुरुजींनासुद्धा, हा प्रश्न वाटला नव्हता. सहावीनंतर तो आलाच नाही.

मी पहिलं मत २००९ साली दिलं. मतदारसंघांची फेररचना होऊन आमचा मुळशी मतदारसंघ नाहीसा झाला होता. विधानसभेला आम्ही भोरमध्ये गेलो, लोकसभेला जुन्या खेडमधून बारामतीत. गावात म्हाताऱ्यांना हे फार लागलं. ‘मुळशीचा आमदार’ ही त्यांच्या तोंडी बसलेली गोष्ट नकाशावरच्या एका रेघेने पुसली गेली होती. मामासाहेब मोहोळांसारख्या पुढाऱ्यांच्या तालुक्याला आता डोंगर ओलांडून भोरकडे बघावं लागणार, असं ते बोलत. मला त्यात पुन्हा तीच ओळख पटली. रेघसुद्धा कुणीतरी ओढतं.

दोन वर्षांनी उत्तरेचं पाणी आलं. ९ ऑगस्ट २०११, क्रांतिदिन. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनीने पाणी न्यायच्या योजनेविरुद्ध मावळातले शेतकरी बौर गावाजवळ द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांनी गोळीबार केला. तीन शेतकरी गेले, त्यात एक बाई होती. तिकोन्याच्या पलीकडचीच ही गावं. आमच्या खोऱ्यातल्या कितीतरी लेकी तिकडे दिलेल्या. संध्याकाळी पारावर टीव्हीच्या बातम्यांबद्दल बोलणं चाललं होतं आणि आजी, तेव्हा फार थकलेली, म्हणाली, “पुन्ना पानीच.” नव्वद वर्षांत दोन डोंगरांच्या दोन बाजूंना तेच घडलं होतं. पाणी, दूरचं शहर, रस्त्यावर बसलेली माणसं. शहराला पाणी नको असं कुणी म्हणत नव्हतं. मी आज स्वतः त्या शहरात राहतो, नळ उघडतो. पण पाणी कुणाचं, किती आणि कोणाला विचारून, हे ठरवण्याच्या बैठकीत खुर्ची नाही म्हणून माणसं रस्त्यावर बसतात. रामनवमीला मुळशीत बसले होते ते याचसाठी.

आता आमच्या खोऱ्यात सगळ्यात मोठी घडामोड जमिनीची आहे. हिंजवडी भरली आणि रस्ते सुधारले तसे गुंठ्याचे भाव चढत गेले. डोंगरउतारावर फार्महाऊस, सपाटीवर प्लॉटिंग. ओढ्याकडे जाणाऱ्या पायवाटा तारेच्या कुंपणाने नाहीतर दगडी भिंतींनी थांबल्या. माझ्या पुतण्याला त्या भिंती जन्मापासूनच्या आहेत. त्याच्या दृष्टीने तिथे भिंत असते, जशी माझ्या दृष्टीने तिथे करवंदाची जाळी होती. गुरं कुठून पाण्यावर जायची हे त्याला माहीत नाही, म्हणून वाट बंद झाली हेही त्याला दिसत नाही. मला याची काळजी वाटते. जमीन विकणाऱ्याला दोष देणं सोपं आहे. चार एकर भातावर मुलांची शिक्षणं होत नाहीत, हे मी माझ्या घरात पाहिलं आहे. पण वाट कुणाची होती, ती बंद करायला कुणाची संमती घेतली, हे विचारणारी पिढी भिंतीच्या अलीकडे वाढायला हवी.

पुतण्याला राजकारण २०२४ साली दिसलं. राष्ट्रवादी काँग्रेस फुटली होती. घड्याळ अजित पवारांकडे गेलं, शरद पवारांकडे तुतारी आली. बारामतीत पवारांच्या घरातल्या नणंद-भावजय समोरासमोर उभ्या, आणि ७ मेला कोळवणलाही त्यांच्यापैकी एकीला मत द्यायचं होतं. त्याने मला फोनवर विचारलं, “काका, घड्याळ कुणाचंय?” घरातल्यांनी त्याला उडवून लावलं होतं. मी त्याला १९९९ची भिंत सांगितली, मोदकाचं न आलेलं ताट सांगितलं. तो सगळं ऐकून म्हणाला, “मग चिन्ह कोण देतं?” निवडणूक आयोग, मी सांगितलं. “आणि त्यांना कोण ठेवतं?” त्या संध्याकाळी आम्ही दोघं बरेच वर चढत गेलो. शेवटी त्याचा प्रश्न गावाकडे वळला: आपल्याकडचं कोण ठरवतं? मी त्याला ग्रामसभेला जाऊन बस म्हणालो. मत नसलं तरी ऐकता येतं. मीही तसाच ऐकत बसलो होतो. तो १५ ऑगस्टच्या सभेला जाऊन बसला. लोकांनी त्याला ‘झेंडावंदन झालं, खाऊ घेऊन जा’ म्हणून उठवायचा प्रयत्न केला. तो उठला नाही.

चौथीत आमची मुलं शिवछत्रपती शिकतात. त्यातले मावळे आमचे पूर्वज, याचा आम्हाला सार्थ अभिमान आहे. १९२१चे मावळेही आमचेच पूर्वज होते. तलवार न उचलता ते धरणाच्या पायावर बसले, तुरुंगात गेले, हरले. तिसरीला जिल्ह्याचा परिसर शिकवतात, नद्या आणि धरणं शिकवतात. त्या पुस्तकात पुणे जिल्ह्याच्या मुलांसाठी मुळशी सत्याग्रहाचं एक पान असायला हवं, अशी माझी मागणी आहे. त्यात बापट असावेत, भुस्कुटे असावेत, कूळ आणि सावकार यांच्यातला फरक मुलांना कळेल अशा शब्दांत असावा, मुंबईच्या गिरण्यांत कामाला गेलेली कोकणातली आणि घाटावरची माणसंही असावीत, कारण त्या विजेवर त्यांच्याही चुली पेटल्या. आणि जिल्ह्याच्या नकाशात मुळेचं पाणी पूर्वेकडे दाखवतात, तसाच मुळशीपासून घाट उतरून भिऱ्याकडे जाणारा एक बाण पश्चिमेकडेही काढावा, त्याच्या शेजारी वर्ष लिहून.